एक पुरी, दहा लाटणी

यशोधरा आमच्या शेजारची, रांझी वस्तीतली. वडील फॅक्टरीत कामगार होते, ती कम्प्युटर इंजिनिअर झाली. कामगारांची ने-आण करणाऱ्या एका खाजगी बस कंपनीत कराराने लागली. कोणती बस, कोणता ड्रायव्हर, कोणती पाळी, हे ठरवणारा प्रोग्राम तिनेच लिहिला. टेबलाखालच्या जुन्या कम्प्युटरच्या डब्यावर तो बिनबोभाट चालायचा.

मग मालक चिंतामणीसाहेबांनी ग्राफिक्स चिपचं, रंगीत दिव्यांचं नवं मशीन आणलं. हुकूम सुटला: प्रोग्राम त्या चिपवरच चालला पाहिजे. तिने परोपरीने सांगितलं, ऐकतो कोण! पाळ्या उशिरा लागल्या, बसेस खोळंबल्या. भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, चिप तो एक नंबर है. तुमचा प्रोग्रामच ढिला. चूक कबूल करा, तरच करार वाढेल."

बुद्धपौर्णिमेला विहारात आम्ही बाया भोजनाच्या पुऱ्या लाटत होतो. यशोधरा सगळा राग पोळपाटावर काढत होती.

"काहून गं, एवढ्या भारी चिपला जमलं नाही?" मी विचारलं.

"वहिनी, ती चिप म्हणजे आपली ही रांग. हात पुष्कळ, हाक एकच: लाटा! चित्रातले लाखो ठिपके एकदम रंगवायला तिच्यासारखी तीच. पण अर्ध्या जणींना करंज्या भरायला सांगा, की तेवढा वेळ बाकीच्या नुसत्या बसून."

"आणि जुना डबा?"

"त्यातला प्रोसेसर म्हणजे कलावतीमावशी." मावशी दारातून किती पाहुणे येतात ते बघत कणीक, तेल, जाळ ठरवत होत्या. "हात मोजकेच, पण डोकं भरभर चालून राहिलं. असं झालं तर हे, नाही तर ते. माझ्या प्रोग्रामात पहिला ड्रायव्हर ठरल्याशिवाय दुसरा ठरतच नाही. तिथे रांग काय करणार?"

तेवढ्यात पाहुणे म्हणून साहेबच आले. सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "काय मॅडम, चूक उमगली?"

यशोधरा उठली. पिठानं भरलेलं लाटणं तिने त्यांच्यापुढे धरलं.

"सर, आणखी नऊ जण बोलवा. ही एक पुरी दहा लाटण्यांनी लवकर लाटून दाखवा. मग कबूल करते."

"घ्या ना, भैया," मावशी म्हणाल्या. बाया फिसकन हसल्या. साहेबांनी लाटणं घेतलं नाही.

करार वाढला नाही.

नव्या मशीनचे दिवे आता ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतात. बसेस वेळेवर सुटतात, कारण टेबलाखाली पुन्हा तोच डबा आणि त्यावर तिचाच प्रोग्राम. बस आमच्या दारावरून हॉर्न वाजवत गेली, की माझं डोकं फिरतं. यशोधरा तिच्यात बसत नाही. भर उन्हात पायी निघते, नवं काम शोधायला.