शुक्रवारी लूमची खडखड

माझी धाकटी बहीण शेलारला राहते आणि मी टेमघरला. मध्ये फक्त भिवंडी आहे. पूर्वी कधी ती यायची, कधी मी जायचे. मग दोघींच्या हातात मोबाईल आले आणि जाणं-येणं हळूहळू थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. रोज आवाज ऐकू येत असेल तर ट्रकांच्या रांगेत रिक्षात बसून धूळ खायला कोण जाईल?

मी चौथीपर्यंत शिकले, ती तेवढीही नाही. टाईप करायची भानगड आमच्याने होत नाही. म्हणून आम्ही बोलून पाठवायचो. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. सकाळी चहाच्या वेळेला तिचा पहिला मेसेज. "बाय, चहा झाला काय? मी बरी हाय." आणि मागे लूमची खडखड. तिच्या भिंतीला लागूनच कापड विणायचा कारखाना, त्यामुळे तिच्या प्रत्येक मेसेजात ती खडखड असायचीच. मी स्वतः लूमसाठी सुताच्या कांड्या भरण्यात आयुष्य घालवलं. त्या आवाजाकडे माझं लक्षही जात नाही.

त्या दिवशी गेलं, कारण शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. गल्लीत इतकी शांतता होती की शेजारचा नळ गळताना ऐकू येत होता. मी कोथिंबीर निवडत बसले होते. बहिणीला विचारलं होतं, जेवलीस का. उत्तर आलं, "जेवली गं. तू पाय शेकत जा." आणि मागे लूम जोरात चालू.

मी परत लावलं. मग सुनेला हाक मारली. तिने ऐकलं आणि म्हणाली, "अहो आई, महागाई आहे. शुक्रवार कोण पाळतंय आता? चालवत असतील."

"चालवू दे. पण पाय शेकायला का सांगते? पाय कधीच बरा झाला. खांदा धरलाय, ते तिला कालच सांगितलं मी."

"विसरल्या असतील. वय झालं मावशींचं."

"माझ्यापेक्षा लहान आहे ती."

"मग तुमचंही झालं," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

मी जुने मेसेज काढून ऐकत बसले. बरंच वर गेल्यावर तेच सापडलं. "जेवली गं. तू पाय शेकत जा." तेच शब्द, मध्ये तसंच थांबणं, शेवटी कुकरची शिटी सुरू होते न होते तोच तुटलेली. नव्या मेसेजातही ती शिटी तिथेच तुटत होती. मग बाकीचे लावून बघितले. "मी बरी हाय" सगळीकडे एकच. "येईन सवडीने" एकच, मागे तेच कुत्रं भुंकतंय. अलीकडचं एकही बोलणं नवीन नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी त्या मोबाईलला हात लावावासा वाटेना.

मनात जे आलं ते सरळ सांगते. मला वाटलं, ही मेली आहे आणि घरचे मला कळू देत नाहीत.

फोन लावला. तिच्या सुनेने उचलला. "मावशी, त्या आंघोळीला गेल्यात."

"मी करीन तेव्हा आंघोळीलाच? एवढी घासते तर एव्हाना गोरी झाली असेल. दे तिला."

"आल्या की सांगते." फोन बंद.

मग मी बटण दाबून बोलले, "खरं सांग. तू हायस ना गं?"

थोड्या वेळाने तिचा हसरा आवाज आला. "बघू गं, सवडीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन रिक्षा बदलून शेलारला गेले. तिच्या गल्लीत शिरले तर काहीच आवाज नाही. शनिवार असूनही नाही. कारखान्यात खोकी रचलेली होती आणि एक माणूस टेम्पो भरत होता. त्याला विचारलं, लूम का बंद आहेत?

"लूम? वो तो भंगार में गया, अम्मा. कब का. अब गोदाम है."

म्हणजे ज्या खडखडीत ती रोज माझ्याशी बोलत होती, ती खडखड त्या गल्लीत कुठेच नव्हती.

आत गेले. बहीण खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. जिवंत होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. मला बघितल्याबरोबर तिने डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर घेतला. मग तोच हात उशीजवळ गेला, मोबाईल घेतला आणि बोटाने काहीतरी शोधू लागला.

"ये गं बाय, बस," तिचा आवाज आला. ठणठणीत, लूमच्या खडखडीसकट. पदराखालचं तोंड हललं नव्हतं.

मी उभीच राहिले. तिच्या सुनेला म्हटलं, "हा काय खेळ लावलाय तुम्ही?"

"मी न्हाय हो मावशी. त्याच पाठवतात. झटका आला तेव्हा वाचा गेली. तुम्हाला फोन करायला घेतला की हात धरायच्या माझा. जुना मेसेज परत पाठवता येतो, ते त्यांचं त्यांनाच कळलं. दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकत बसतात, कुठला कशाला लागू पडेल ते बघत."

"आणि कालचा? मी विचारलं हायस ना, तर म्हणे बघू सवडीने."

"काल घाईघाईत शोधायला गेल्या. भलताच दाबला गेला."

बहिणीने पुन्हा बोट दाबलं. "मी बरी हाय. काळजी करू नको."

"ते बंद कर," मी म्हटलं. तिने परत दाबलं. "मी बरी हाय. काळजी करू नको." मी तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि फळीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.

"आता तुझ्या तोंडाने बोल."

तिने मान फिरवली. मी हलले नाही. मग पदर सुटला आणि तिच्या घशातून आवाज निघाला. तो माझ्या बहिणीचा नव्हता. बाहेरून ऐकला असता तर माणसाचा आहे असंही मी म्हटलं नसतं. सून धावत आली, तिला वाटलं परत काही होतंय. पण मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ती मला शिव्या देत होती.

"दे," मी म्हटलं. "अजून दे. बऱ्याच साठल्या असतील."

तिने दिल्या. दमली तेव्हा सुनेने चहा आणला. मी तिला बशीतून पाजला, अर्धा हनुवटीवरून गेला. दिवसभर बसले. निघताना मोबाईल तिच्या हातात परत दिला. तिचा आहे, मी कोण ठेवून घेणार?

घरी येऊन पाय धुते तोच मेसेज आला. "पोचलीस का गं बाय? सांग म्हंजे मी निजेन." मागे लूम चालू.

स्वयंपाकघरातून माझी सून म्हणाली, "बघा, चांगल्या बोलतायत की मावशी! उगाच शेलारपर्यंत धावलात."

तिला सगळं सांगितलं तरी तिला ते खरं वाटेना. तिने दोनदा लावून ऐकलं. "आजारी माणसाचा आवाज आहे का हा?" म्हणाली. मलाही क्षणभर वाटलं, उत्तर द्यावं, पोचले म्हणावं आणि झोपावं. तो आवाज चांगलाच होता. ज्या बाईला मी दुपारी चहा पाजला, तिच्यापेक्षा तो माझ्या जास्त ओळखीचा होता.

मी उत्तर दिलं नाही. सकाळी परत दोन रिक्षा केल्या, तिच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "पोचले."

तिचं तोंड वाकडं झालं. ती हसते की रडते, ते मला अजून बघून ओळखता येत नाही. विचारावं लागतं.