स्थानिक स्त्री, प्रकार तिसरा

माझी आत्या पडदे शिवते. एरवी गरीब गाय, पण डोकं फिरलं तर भल्याभल्यांची खैर नाही. गोऱ्यांच्या राजवटीचा इतिहास सांगणारं नवं संग्रहालय उघडणार होतं. तिथल्या खिडक्यांची मापं घ्यायला तिला बोलावलं होतं. नमुना म्हणून तिने बरंच कापडही नेलं होतं.

दुसऱ्या दालनात तिच्या हातातला टेप गळून पडला. भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो. एक तरुण बाई, अंगावर चिंधी नाही, पाठीमागे उंची मोजायची आकडे लिहिलेली फळी. खाली पाटी: 'स्थानिक स्त्री, प्रकार तिसरा'. हनुवटीवरचा तो भाजल्याचा व्रण आत्याने लहानपणी कितीदा कुरवाळला होता! तिला वाढवणारी तिची आजी होती ती. फोटोवाला दिसला की ही आजी आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची. का, ते आत्याला आज कळलं.

तिने स्टूल ओढलं, कापड फोटोवर टाकलं आणि तिथेच ठाण मांडलं. संग्रहालयाचे प्रमुख धावत आले.

"अहो मावशी, त्यांचा क्रूरपणा लोकांना दिसायला नको का?"

"मग त्यांना लावा की भिंतीवर! हिला असं उभं करणारा कुठाय? त्याचा कोट शाबूत, अब्रू शाबूत. आणि माझी आजी पुन्हा उघडी. तेही आपल्याच माणसांच्या हातून!"

"समिती ठरवेल."

"समितीतल्या कुणाची आजी लावताय का शेजारी?"

प्रमुखांनी पहारेकऱ्याला खूण केली. तो जागचा हलला नाही. "मी नाही उठवणार, साहेब. मलाही आजी होती."

संध्याकाळी फोटो उतरला. पुढे त्यांनी फक्त चेहरा ठेवायचं कबूल केलं आणि आजीचं नाव विचारलं. आत्या म्हणाली, "आधी फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा, हुद्द्यासकट." त्यांनी लिहिलं. मग तिने आजीचं सांगितलं.

पण त्या फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, गोऱ्या साहेबाच्या देशातल्या संग्रहालयात आहे. आम्ही ती मागितली. उत्तर आलं, मालकी आमची.

"मालकी!" आत्या अजून दातओठ खाते. "माझ्या आजीची?"

तिने दुसरं पत्र लिहायला घेतलंय. भाषा सौम्य कर म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली.