दसऱ्याला पुजलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. हे कळायला आम्हाला अठरा दिवस लागले.

मी तेव्हा भोईवाडा कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायची. संपानंतर ह्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, आणि वीस वर्षं साच्यावर (म्हणजे कापडाच्या मागावर) उभा राहिलेला माणूस खिडकीत बसून थंड पडलेल्या चिमणीकडे बघू लागला. घरात कुणीतरी हात हलवायलाच हवे होते. पण पुढे वकिलांना टाइपरायटरची अक्षरं नकोशी झाली. देशमुख वकील म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर सुरू करा, ऑफिसचं सगळं काम तुम्हाला. नाहीतर समोरच्या झेरॉक्सवाल्याला देतो."

मासिकातली जाहिरात बघून मी दिल्लीच्या एका कंपनीकडून पोस्टाने मागवला. सुटे भाग आणि एक पुस्तिका. जोडायचा आपला आपण. ऑर्डर गेली आणि मी स्वप्नात! मी! जिला झोपेतसुद्धा स्वप्न पडत नाही! कोर्टाच्या भिंतीला टेकून मी बघायची: कार्बन नाही, खोडाखोड नाही, अक्षरं पाण्यावर तरंगत आल्यासारखी कागदावर येताहेत...

"ओ बाई," अशील ओरडला, "ह्या अॅफिडेव्हिटात मी दोनदा जन्मलोय!"

पार्सल आलं नेमकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आता दसऱ्याला हत्यारांची पूजा आमच्याकडे चुकत नाही. गिरणीत साचे पुजायचे. गिरणी गेल्यावर सुरी, कात्री, टाइपरायटर. यंदा कॉम्प्युटर! हे झेंडू आणायला गेले तेवढ्यात मी सगळे भाग पाटावर मांडले आणि एकेकाला हळद-कुंकू लावलं. तेलात कालवून, म्हणजे टिकायला हवं. (माझं काम पक्कं असतं.) डिस्प्ले कार्ड नावाच्या हिरव्या पट्टीवर मात्र जिकडेतिकडे बारीक काटे, बोट टेकवायला जागा नाही. एका कडेला छान गुळगुळीत सोनेरी काठ होता. तिथे लावलं. शोभून दिसलं!

बाकीचं ह्यांनी जोडलं. कार्ड मी स्वतः, तो सोनेरी काठ खाचेत घालून, खोचलं. नाजूक काम, पुरुषांच्या हाती कशाला? बटण दाबलं. आतला पंखा फिरला, तीन शिट्ट्या झाल्या, आणि पडदा काळा तो काळाच.

पुस्तिकेत लिहिलं होतं: तीन शिट्ट्या म्हणजे कार्ड मशीनशी जुळत नाही.

"बघितलंत? जुळत नसलेला माल पाठवलाय!" मी म्हणाले, आणि कार्ड परत पाठवून कंपनीला असं खरमरीत पत्र लिहिलं की आठवड्यात दुसरं आलं. दुसऱ्यालाही हळद-कुंकू लावलं. नवी वस्तू, तशीच कशी बसवायची? खोचलं. तीन शिट्ट्या. दुसरं पत्र आणखी खरमरीत!

हे मात्र मजेत. दुपारी सगळी चाळ निजली की हे बटण दाबून काळ्या पडद्यापुढे बसायचे.

"अहो, बंद करा ते! शिट्ट्यांशिवाय काय येतंय त्यातून?"

"रवांदे गो. पंखो आयक. साचेखात्यात असल्यासारख्या वाटता."

एका रविवारी मीही टेकले. पंखा घुमत होता, खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात धुळीचे कण कापसासारखे तरंगत होते. त्या काळ्या काचेत आम्ही दोघं पुसट दिसत होतो, कुठल्यातरी जुन्या फोटोत बसल्यासारखे. ह्यांचा पाय साच्याच्या ठेक्यावर हलत होता. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला वाटलं, कॉम्प्युटरची चौथी!

दिवाळीला दोन दिवस उरले आणि तिसरं कार्ड आलं. सोबत पत्र: 'परत आलेल्या दोन्ही कार्डांवर लालसर-पिवळा थर आढळला. आपण समुद्रकिनारी राहता काय? दमट हवेपासून जपावे.'

"ऐका!" मी कडाडले. "इथे बादलीभर पाण्यासाठी रांग लावतो आणि म्हणे समुद्र! माल कंपनीचा गंजका आणि दोष हवेला!" बोलता बोलता मी बोट कुंकवात बुडवून सोनेरी काठावर टेकवलं. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"काय करतंस?"

"पूजा."

"आधीच्या दोघांक खंय लावलंस?"

"ह्याच काठाला. दुसरीकडे जागाच नाही."

ह्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. मग झोपेत बोलल्यासारखं म्हणाले, "वीस वर्षां साचो पुजलंय. कुंकू चौकटीक लावतत गो. सुताक कोण लावता?"

उठून त्यांनी माझ्या टाइपरायटरच्या डब्यातला खोडरबर घेतला आणि सोनेरी काठ घासला, अगदी सावकाश, तुटलेला धागा जोडताना धरायचे तशा हाताने. कार्ड खोचलं. बटण दाबलं. एक शिट्टी. पडदा उजळला आणि पांढरी अक्षरं, खरंच पाण्यावर तरंगत आल्यासारखी, वर आली.

देशमुखांचं काम दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. पण त्याआधी त्या कॉम्प्युटरवर मी माझं पहिलं पत्र टाइप केलं. कंपनीला. एका ओळीचं, एकही खोडाखोड नसलेलं:

'होय, आम्ही समुद्रकिनारी राहतो.'