जुन्या फॉन्टातली सूचना

सरांचा मला अजून राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पनवेलच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात ते माझे टीम लीडर होते. मी उरणजवळच्या करंजा बंदरातली, राहायला कामोठ्यात. आमच्याकडे एका मच्छीमार सोसायटीची वेबसाइट होती. सूचना लिहिताना ठळक अक्षरं करता यावीत, मुद्दे पाडता यावेत, एवढीच सोसायटीची मागणी होती. आमचे फॉर्म मात्र कोणी हातानं मांडत नसे. रकान्यांची यादी वाचून सर्व्हरच ते तयार करी, आणि मजकुरासाठी त्यात एक साधा चौकोन येई. त्या चौकोनाच्या जागी एडिटर बसवायचा होता, तोही असा की यादीत खूण केली की कुठल्याही फॉर्मात आपोआप यावा.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्याच फॉर्मातल्या मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला की सर्व्हर फॉर्म परत पाठवी आणि लिहिलेली सूचना गायब होई. तीन आठवडे त्यानं माझं डोकं खाल्लं. जमलं त्या दिवशी मी जागेवरच टाळी वाजवली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी तो एडिटर मालकांना दाखवला. ‘मी केलंय’ म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी नवी होती, गप्प बसले.

त्यांची स्वतःची भर एकच. लोक सूचनेची लग्नपत्रिका करून टाकतात, तेव्हा सेव्ह करताना फॉन्ट आणि रंग काढून टाकायचे, असा नियम त्यांनी मला घालायला लावला. मी घातला.

सोसायटीला दाखवायच्या दिवशी पहिली सूचना ते स्वतः घरून टाइप करून घेऊन आले, टायपिंग क्लासपासून हाताला बसलेल्या जुन्या फॉन्टात. तो फॉन्ट दिसायला मराठी, पण त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढला की पोट उघडं पडतं. हे एडिटरमध्ये चिकटवलं तर सेव्ह केल्यावर नीट राहील ना, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं.

“नाय राहणार, सर.”

“‘नाय’ नाही, ‘नाही’. ऑफिसात आहेस तू, बंदरावर नाहीस.”

चारपाच जण हसले. सरही हसले आणि त्या खुशीत उत्तर न ऐकताच मीटिंगच्या खोलीकडे निघाले. मला पुन्हा सांगता आलं असतं. दारापर्यंत चार पावलं होती. मी सांगितलं नाही, आणि ठरवून सांगितलं नाही.

त्यांच्या मागोमाग मीही आत गेले. खोलीत सोसायटीचे चेअरमन होते, दोन सभासद होते, आमचे मालक होते. सरांनी सूचना चिकटवली. झकास दिसली. त्यांनी सेव्ह केलं. ‘सूचना’च्या जागी एल, डब्ल्यू, पी, यू, के, आणि खाली पानभर तसलंच. मला इतका आनंद झाला की मान खाली घालावी लागली.

चेअरमननी चष्मा लावला, काढला. “ह्ये कोनी केलंय?”

सरांनी माझ्याकडे बोट केलं. “हिनं. एडिटरचं सगळं काम हिचंच आहे, पहिल्यापासून.”

मालकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. “हो, सगळं मीच केलंय,” म्हटलं. “फॉन्ट काढायचा नियम तेवढा सरांचा.” मग सरांना खुर्चीवरून उठायला लागलं. त्यांचा मजकूर मी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट काढला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, करून घेतला, बिघडलेली जोडाक्षरं हातानं सुधारली आणि सेव्ह केलं. पान उघडलं. सूचना जशीच्या तशी उभी होती, ठळक अक्षरांसकट. दहा मिनिटं लागली असतील. सर तोवर भिंतीला टेकून उभे होते.

“बाय, आता काय लागलं तर आमी तुलाच फोन करू,” चेअरमन म्हणाले. मालकांनी माझा नंबर तिथल्या तिथे त्यांना लिहून दिला.

सरांना आता ‘मी केलंय’ म्हणायची सोय उरली नव्हती. काम त्यांचं म्हणायचं, तर चूकही त्यांची म्हणावी लागली असती.