साठ चमचे आणि एक दुखरा दात

आमच्या ह्यांचा एक दात पंधरा वर्षं दुखतोय. गावात लग्न, साखरपुडा, जयंतीचं जेवण, काहीही होऊ दे, दोन दिवसांत दात ठणकायला लागतो आणि हे एसटीत बसून मुरबाडला जातात. काढून टाका म्हटलं तर म्हणतात, घरचा दात हाय, असा कसा काढायचा. माणूसच असा. नाव रामा, आणि एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ.

वाशिंदच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हापासून ह्यांना मासेमारीचं याड लागलंय. तेही सरळ जाळं टाकून नाय. फोनवर कुठल्यातरी गोऱ्याचा व्हिडिओ बघितला, तेच खूळ. होडीच्या मागे लांब नायलॉनचा तंगूस सोडायचा, टोकाला गळ आणि गळाच्या वर काहीतरी चमकणारं बांधायचं, आणि वल्हवत राहायचं. माशाला वाटतं बारका मासा पळतोय, म्हणून तो खुळ्यासारखा मागे लागतो. त्यातला खुळा कोण ते मी सांगत नाय. गोऱ्याकडे तंगूस गुंडाळायचं मशीन होतं. आमच्या ह्यांनी तो पायाच्या अंगठ्याला बांधला. आणि चमकणारं म्हणून घरातलं काय काय गेलं! नातवाचा टूथब्रश गेला, दिवाळीच्या कंदिलाच्या झिरमिळ्या गेल्या. माझ्या पावडरच्या डब्याचं झाकण अजून मिळालेलं नाय.

आता माझं सांगते. मी गोजाबाई. संघमित्रा महिला मंडळाची भांडी पंधरा वर्षं माझ्या ताब्यात होती. पातेली, पराती, ताटं आणि साठ चमचे. प्रत्येक चमच्यावर टिंबाटिंबांनी मंडळाचं नाव कोरलेलं. पातेलं कोण पळवत नाय, पण चमचा म्हणजे पाय फुटलेली वस्तू. पंगत उठली की खरकट्यात जातो, पोरांच्या खिशात जातो. पण माझ्या ताब्यातला एकही गेला नाय. पहिल्या वर्षी तेवढा एक सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी पोत्याच्या तळाशी निघाला. तेव्हापासून कधीही मोजा, साठ.

ह्या गोष्टीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. आणि मंडळातल्या सकुबाईच्या पोटात दुखायचं, तेही खरं. यंदा मंडळाच्या मीटिंगीत ठरलं की भांडी आता सकुबाईकडे द्यायची. मी म्हटलं, घे बाई, पण सगळ्यांसमोर मोजून घे. ताबा रविवारी द्यायचा होता. सकुबाईला रविवारी खर्डीला जायचं निघालं, म्हणून तिनं शनिवारी चार वाजताच मोजणी ठेवली. हे मला शनिवारी सकाळी कळलं.

शेजारच्या पल्लवीच्या साखरपुड्याची भांडी नुकतीच आली होती. एरवी चमच्यांचं पोतं हेच खांद्यावर घरी आणतात, धुतात, पुसतात, ओझं तुला कशाला म्हणतात. ह्या खेपेला गावातल्या अनिलच्या टेम्पोनं सगळं परस्पर बुद्धविहारात उतरवलं. मी विहारात जाऊन मोजले. एकोणसाठ. परत मोजले. एकोणसाठ. पोतं उलटं करून झाडलं तर एक झुरळ पडलं. पंधरा वर्षं राखलेलं नाव सकुबाईच्या हाती जायचं, तेही शेवटच्या दिवशी.

घरी आले तर सूनबाई मेघा भांडी घासत होती. म्हणाली, बाबा धरणावर गेलेत, नव्या चमच्याला गळ बांधून. मी विचारलं, कसला चमचा गो? तर म्हणाली, स्टीलचा, त्याच्यावर नाव पण होतं मंडळाचं.

मी चप्पल उलटी घातली का सुलटी, मला आठवत नाय.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की धरणाचं पाणी उकळी फुटल्यासारखं दिसत होतं. शहाणी माणसं घरी होती. आमचे हे काठापासून वीस हातांवर होडीत बसून वल्हवत होते, टोपी दातात धरलेली. मी ओरडले तेव्हा काठाला आले. मी म्हटलं, चमचा काढा. तर म्हणाले, मागे सोडलाय, ओढावा लागेल, दोन्ही हात गुंतलेत. म्हणून लुगडं खोचून मीच होडीत चढले. चढते न चढते तोच वाऱ्यानं होडी आत ढकलली. ह्यांनी वल्ही मारली पण होडी ऐकेना. काठ मागे मागे गेला आणि मी मूर्तीसारखी मध्ये बसलेली, एका हातानं लाकूड धरून.

ह्यांच्या दोन अंगठ्यांना दोन तंगूस आणि वल्ह्याच्या खुंटीला तिसरा. वाऱ्यानं तिघांची वेणी घातली होती. चमचा एकटा ओढताच येईना. मी सगळंच ओढायला घेतलं. पहिला टूथब्रश आला, त्याला चिलापी लागलेली, ब्रश तोंडात धरून, दात घासायला निघाल्यासारखी. मग झिरमिळीला हातभर मरळ आली. ती होडीत पडली ती थेट माझ्या मांडीवर, आणि मी जी उभी राहिले ती हे ओरडेपर्यंत खाली बसले नाय. ह्यांना आनंद किती! दोन जातीचे दोन मासे, एका दिवसात. इथं माझी इज्जत बुडत होती आणि ह्यांचं मासे मोजणं चाललेलं.

मी म्हटलं, मंडळाचा चमचा चोरताना लाज नाय वाटली? तर हा माणूस पाण्याकडे बघत म्हणतो कसा, "तो मंडळाचा नाय गो. माझा हाय."

"मग नाव काय तुमच्या बापाचं लिवलंय त्याच्यावर?"

हे वल्हवत राहिले. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते इथं सांगत नाय. म्हणता म्हणता मी तंगूस ओढत होते. शेवटी दिसला. हातभर पाण्याखाली चमचा असा लुकलुकत, डुलत येत होता की क्षणभर मलाही वाटलं, आपण मासा असतो तर खाल्लाच असता. मी हात घातला. तेवढ्यात खालून एक शिवडा मासा आला, मिशा फेंदारून, तोंड म्हणाल तर आमच्या पातेल्याएवढं. चमचा गिळला. तंगूस माझ्या बोटाला कापून गेला आणि तटकन तुटला. शिवडा गेला, चमचा गेला. मी होडीत बसून रडले. खोटं नाय, हुंदके देऊन रडले.

हे इतके घाबरले की वल्हंच सोडलं. मग वाऱ्यानं आमाला पलीकडच्या काठाला नेऊन आपटलं. रिक्षा मिळाली तोवर तीन वाजून गेले होते. हे म्हणाले, तू विहारात हो पुढे, मी मासे घरी टाकून येतो.

ओल्या लुगड्यानिशी मी विहारात पोचले. बायका जमलेल्या, सतरंजीवर सगळी भांडी मांडलेली. मी ठरवलं होतं, आपणच सांगायचं. उभी राहिले आणि म्हटलं, "एक चमचा कमी हाय. धरणात गेला. चूक माझी."

सकुबाईचा चेहरा असा उजळला की विहारात ट्यूब लावायची गरज नव्हती. तेवढ्यात हे चहाचा ट्रे घेऊन आले, सतरंजीवर वाकून कप वाटले, घामानं निथळत होते. मग सकुबाई मोजायला बसली, मोठ्यानं, एकेक उचलून. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

परत मोजले. साठ. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सकुबाई फणकाऱ्यानं म्हणाली, हिला मोजायला येतं का तरी? मी ह्यांच्याकडे बघत होते, आणि हे चहाचे कप बघत होते.

संध्याकाळी मरळीचं कालवण चुलीवर ठेवलं आणि ह्यांचा गळांचा बिस्किटाचा डबा उघडला. ह्या डब्याला हात लावू नको, गळ लागेल, असं मला कायम बजावलेलं. आत गळ होते, माझं पावडरचं झाकण होतं, आणि कागदात गुंडाळलेले सहा चमचे. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी मंडळाचं नाव.

मी डबा ह्यांच्यापुढे ठेवला. विचारलं, "किती?"

"काय किती?"

"पंधरा वर्षांत किती घातलेत?"

हे भाकरीचा तुकडा कुस्करत बसले. मग म्हणाले, "एकवीस. आजचा धरून बावीस." थांबून म्हणाले, "पहिल्या वर्षी एक हरवला तर तू दोन दिवस जेवली नायस. मुरबाडला भांड्याच्या दुकानात नाव घालून देतात. मी म्हटलं, उपासापेक्षा चमचा बरा."

"आणि दात?"

"दाताला काय झालंय?" हे म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

पंधरा वर्षं मी ज्याच्यावर मिरवले ते ह्यांच्या खांद्यावरच्या पोत्यात होतं. आज होडीत एवढं बोलले, तरी हा बाबा चोर म्हणवून घेत बसला, पण माझे चमचे दरवेळी हरवत होते हे मला कळू दिलं नाय. मी ह्यांना मरळीचं डोकं वाढलं. डोकं एरवी मी कुणाला देत नाय.

महिन्याभरानं जयंतीचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकुबाई विहारात एकटी चमचे मोजत बसली होती. मी मुद्दामच गेले, बघायला. सकुबाई पोतं झाडत होती, आणि तिचा चेहरा बघून मला माझाच चेहरा आठवला. एकोणसाठ, म्हणाली, आणि तिथंच पोत्यावर बसली. पंधरा वर्षं मी ह्या घडीची वाट बघितली होती. मी म्हटलं, थांब, घाबरू नको, मी चहा आणते.

घरी येऊन डब्यातला एक चमचा कमरेला खोचला. परत गेले तेव्हा आमचे हे तिथं ताटं उचलून रचत होते, सकुबाईला मदत म्हणून. मी चहा ठेवताना चमचा हळूच ढिगात सरकवला आणि म्हटलं, आता शांतपणे मोज.

सकुबाईनं मोजले. मग चहा बाजूला ठेवून परत मोजले. एकसष्ट भरले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी गाल धरला होता. म्हणाले, दात लई ठणकतोय, मी निघतो.