भावाच्या वाटणीचं लोखंड

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या टाउनहाउसच्या मागे एक अमेरिकन आजोबा गॅरेज उघडं टाकून लाकूड घासत बसायचे. ते चकमकीच्या, जुन्या धाटणीच्या पिस्तुलाचं किट होतं. त्यात लाकडी मूठ आणि लोखंडी भाग सुटे येतात, ते घरी जुळवायचे. फिरायला निघालो की मी तिथे थांबायचो. नाव मात्र कधी विचारलं नाही.

एकदा राहवलं नाही. म्हटलं, "तयार पिस्तूल थोड्याच जास्त डॉलरांत मिळतं. शिवाय किटचं दर वेळी उडेल याची खात्री नाही. मग परवडतं कसं?"

"अजिबात परवडत नाही," ते हसले. "माझं तर निम्म्या वेळा नुसतं फुसकन करतं. पण दर हिवाळ्यात ओहायोहून माझा भाऊ येतो. लाकूड मी करतो, लोखंड तो." लोखंडाचं खोकं बंदच होतं. "यंदा डॉक्टर त्याला सोडत नाहीत. पण लाकूड घासून तयार होईपर्यंत येतो म्हणालाय."

वसंत आला, दारची झाडं फुलली, तरी ते घासतच होते. मूठ इतकी बारीक झाली होती की तिच्यात लोखंड बसणं आता शक्य नव्हतं. माझा भाऊ नागपूरला असतो. त्याला भेटून किती वर्षं झाली, हे मी त्या क्षणी मोजायचं टाळलं.

आजोबांनी मूठ माझ्या हातात दिली. "तू काटेकोर माणूस आहेस. खरं सांग, झालं का?"

मी ती उलटसुलट करून पाहिली.

"नाही," मी म्हणालो. "अजून थोडं घासायला हवं."