शनिवारचा बोलका मोबाईल क्लास

मोबाईलची मेमरी भरली की जुने फोटो उडवून जागा करता येते. किस्स्यांचं तसं नसतं. एक सांगायला घेतला की मागून चार येऊन उभे राहतात, आणि बायको म्हणते की चहा गार झाला, आता पुरे.

मला दिसत नाही. जन्मापासूनच, त्यामुळे वाईट वाटून घ्यायला कधी सवड मिळाली नाही. सावेडीत एका मित्राच्या ट्यूशनच्या खोलीत मी दर शनिवारी दुपारी मोबाईल शिकवतो. ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवणारा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना लिहून दाखवणारा. फोन तोच, फक्त कुणाचे डोळे होतो, कुणाचे कान.

माझे सगळ्यात जुने विद्यार्थी राहुरीकडचे भाऊसाहेब. साठीचे शेतकरी, डायबेटीसने नजर गेलेली. सगळ्यात हुशार विद्यार्थिनी संगीता. सव्वीस वर्षांची, सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. तिला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. पहिल्याच दिवशी तिने टाइप करून फोनकडून मला ऐकवलं होतं, "सर, तीन स्थळं येऊन गेली. माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल बोलतात. संध्याकाळी पप्पा हाताने सांगतात, हो म्हणाले किंवा नाही म्हणाले. मला कुणी काही विचारत नाही. एकदा तरी मला कळलं पाहिजे, काय बोलतात."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण आमचा क्लासच तसा आहे, त्याला मी काय करू!

*

न दिसणाऱ्याला स्क्रीनच्या उजेडाचा काय उपयोग? आम्ही तो बंदच ठेवतो. बॅटरी टिकते आणि शेजाऱ्याला आपले मेसेज वाचता येत नाहीत.

भाऊसाहेब एसटीत फोन कानाशी धरून काळ्या स्क्रीनवर बोट फिरवत बसले होते. शेजारच्या माणसाला राहवेना. त्याने दोनदा सांगितलं की बाबा, फोन बंद पडलाय तुमचा. तिसऱ्यांदा हातातून घेऊन सगळी बटणं दाबून पाहिली, आणि हळहळत परत दिला. भाऊसाहेब म्हणाले, "आरं, फोन चालूच हाय. दिवा मालवलाय. घरात कुनी बघनारंच नसल्यावर दिवा कशाला जाळायचा?"

*

फोनचा आवाज आम्ही भलत्या वेगात ठेवतो. सवयीने आम्हाला सगळं कळतं, दुसऱ्याला मात्र नुसती चिरचिर ऐकू येते. भाऊसाहेबांच्या सूनबाईंना वाटलं, मामंजींचा फोन बिघडला. बिचारीने मायेपोटी तो मोबाईलच्या दुकानात नेला. दुकानदारही सज्जन. त्याने दहा मिनिटांत फोनचं बोलणं बंद केलं, स्क्रीनला नवी काच चिकटवली आणि वर गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून दिला.

शनिवारी भाऊसाहेब तणतणत आले. म्हणाले, "सर, दुरुस्त केल्यापास्नं फोन चालंना."

*

कॅमेरा समोर धरला की काय दिसतंय ते बोलून सांगणारं एक अ‍ॅप मी सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. प्रयोग म्हणून माझ्यावरच धरायला लावलं. ते म्हणालं, "टेबलामागे बसलेला माणूस, वय अंदाजे साठ." मी पंचेचाळीसचा आहे. अ‍ॅपला अजून बरंच शिकायचंय, असं मी वर्गाला सांगितलं.

भाऊसाहेबांनी घरी जाऊन ते आपल्या बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर धरलं. काकू छप्पन्नच्या. अ‍ॅप म्हणालं, "हसणारी स्त्री, वय अंदाजे अडतीस." तोवर त्या फोनला डबडं म्हणणाऱ्या काकू आता रोज स्वतः तो चार्जिंगला लावतात. पाहुणे आले की हळूच म्हणतात, "आवं, जरा त्यो मोबाईल माज्याकडं धरा की."

*

भाऊसाहेब आणि संगीता यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या. ते बोलतात ते तिच्या फोनवर अक्षरांत उमटतं, ती टाइप करते ते फोन त्यांना वाचून दाखवतो. एकदा भाऊसाहेबांनी तिला संसार, नशीब आणि पडतं घेणं या विषयांवर पंधरा मिनिटं उपदेश केला. तिने दुसऱ्याच मिनिटाला फोन पालथा घातला होता. त्यांचे ओठ थांबले तसा सुलटा केला आणि टाइप केलं, "पटलं, काका."

हे तिनेच मला नंतर सांगितलं. भाऊसाहेब मात्र अजून सांगत असतात की पोरगी लई समजूतदार हाय.

*

आणि हा किस्सा संगीताच्या चौथ्या स्थळाचा. मी तिथे नव्हतो. पण त्या रविवारी फोनवर जे जे उमटलं ते संगीताने जपून ठेवलं, कोण बोललं ते मध्ये मध्ये स्वतः लिहिलं आणि पुढच्या शनिवारी फोनकडून मला वाचून दाखवलं.

मुलगा, त्याचे मामा आणि आत्या आले होते. मुलाला चांगलं ऐकू येतं, गावात किराणा दुकान आहे. संगीताने पोहे दिले आणि रीतीप्रमाणे मान खाली घालून बसली. फोन मांडीवर, पदराआड. मामांनी कौतुक केलं की पोरगी मान वर करत नाही, फार लाजाळू दिसते. ती वाचत होती!

तिचे आईवडील चहाचं बघायला आत गेले. तिला ऐकू येत नाही म्हणून आत्याबाई निर्धास्त होत्या. म्हणाल्या, "कंपनीचा पगार हाय आन् तोंड न्हाई. आनखी काय पायजे आपल्याला?"

शनिवारी क्लासमध्ये फोनने मला हे वाक्य बाकीच्यांसारखंच सपाट आवाजात वाचून दाखवलं. माझे कान तापले. संगीताने माझ्या हातावर थोपटलं, म्हणजे पुढे ऐका.

आईवडील चहा घेऊन बाहेर आले. मामांनी सांगितलं की मुलाला मुलगी पसंत आहे. आत्याबाईंनी सांगितलं की मुलाला तिखट लागतं, मुलाला पहाटे उठायची सवय आहे आणि मुलाला पुढच्या महिन्यातली तारीख चालेल. मग मामांनी रीत म्हणून तिच्या वडिलांना विचारलं, मुलीला काही विचारायचंय का? वडीलही रीत म्हणूनच म्हणाले की छे, ती काय विचारणार.

संगीताने मांडीवरच एक ओळ टाइप केली आणि मान वर केली. आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं. फोन खणखणीत बोलला,

"एकच विचारायचं आहे. मुलाला बोलता येतं का?"